करवतीचा सातवा दात

भैय्यालालनं आपल्या एकुलत्या पोराला इचलकरंजीला धाडलं ते कमवायला नव्हे, पाहायला.

पवनीच्या कोष्टीपुऱ्यात भैय्यालालचे आठ माग होते. बापजाद्यांपासून त्यांच्यावर नऊवारी सुती लुगडी निघायची आणि साकोली, लाखांदूरच्या बाजारात हातोहात खपायची. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात साकोलीच्या व्यापाऱ्यानं गठ्ठा न सोडताच परत केला. "भैय्यालालजी, पावरलूमचं लुगडं निम्म्या भावात येऊन राहिलं. तुमचं घेऊन मी कोणाले विकू?" असं म्हणून त्यानं चहा मात्र पाजला. त्या चहाचा अपमान भैय्यालालला गठ्ठ्यापेक्षा जास्त लागला. घरी आल्यावर त्यानं चंद्रभानला समोर बसवलं.

"ज्याच्याशी लढाचं त्याचं घर आधी पाह्य लागते, बापू. जा. तो माग कसा चालते, त्याले काय जमते, काय जमत नाही, समदं पाहून ये. पंधरा दिवसांत वापस."

चंद्रभान मॅट्रिक झालेला, हाताचा हुशार. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पोर नव्हतं. त्याची बायको कौशल्या आतल्या खोलीत कांड्या भरत होती. चरख्याच्या आवाजात तिला अर्धंच ऐकू आलं. पण 'वापस' हा शब्द नीट ऐकू आला, आणि तेवढ्यावर तिनं त्याची पिशवी भरून दिली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पाहुण्याला इथं कोणी शेडच्या आत पाय ठेवू देत नाही, म्हणून मी कामालाच लागलो आहे. दोन महिने लागतील. दोन महिन्यांनी दुसरं आलं. आता माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या हाताखाली घेतलं आहे, माग खोलायला शिकतो आहे, एवढ्यात निघालो तर शिकलेलं अर्धवट राहील. मग भैय्यालालनंच उत्तर धाडलं, राह्य आणखी थोडा. पत्रं भैय्यालालच्या नावानं यायची, पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून वाचायची कौशल्या. एका माणसाकडं चार माग असतात. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपणहून थांबतो. एका दिवसात आपल्या आठवड्याभराचं कापड निघतं. असं सगळं बारीक, नेमकं लिहिलेलं असे. शेवटच्या ओळीत 'सौ. कौशल्या हिस आशीर्वाद.' ही ओळ ती मोठ्यानं वाचत नसे. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, ती कळायचीच. तेही विचारत नसत.

तिला वाटायचं, मागाबद्दल एवढं लिहिणारा माणूस आपण कुठं झोपतो हे का लिहीत नाही? खोली आहे की शेडमध्येच पथारी? तिथल्या कालवणाला तिखट असतं का? हे विचारायला पत्र लिहायला बसली, की तिच्या हातूनही बाजारभावच लिहिला जाई. सासऱ्याच्या समोर बसून लिहायचं, अन् काय लिहिणार?

वर्षभर अशी पत्रं वाचून तिच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. पलीकडची बाजू चंद्रभान पाहतो आहे, पण आपली बाजू कोणीच पाहत नाही. एका बाजारच्या दिवशी मामाजींना विचारून ती साकोलीच्या पहिल्या बसनं गेली. ओळखीच्या बांगडीवालीजवळ, कापडवाल्याच्या पालासमोर दिवसभर बसून राहिली. असे तीन बाजार केले. तिसऱ्या बाजारावरून आल्यावर मामाजी जेवायला बसले तेव्हा तिनं सांगितलं,

"मामाजी, बाया लुगडं हातात घेऊन आधी काठ चोळून पाह्यतात. मग भाव विचारतात. मग आपलं खाली ठेवतात."

"आपलं टिकते दुप्पट. हे सांगत नाही का तो?"

"सांगते ना. तं बाया म्हणतात, दोन घेतो न् बदलून नेसतो. धानाच्या रोवण्याच्या चिखलात आपलं काय न् त्याइचं काय?" ती थोडी थांबली. "लुगड्याची लढाई आपण हरलो, मामाजी. त्याच्यात आता जीव कायले घालाचा?"

भैय्यालालनं हातातला घास ताटात ठेवला. सून आजवर त्याच्यासमोर इतकं कधी बोलली नव्हती. तो रागावला नाही. म्हणाला, "मंग काय विणाचं?"

त्याचं उत्तर चंद्रभानच्या पत्रातून आलं. कौशल्यानं त्याला सरळ विचारलं होतं, त्या मागाला काय जमत नाही? त्यानं लिहिलं: 'इथल्या मागाला धोटा एकच. तो या काठापासून त्या काठापर्यंत एका दमात जातो. अंगाचा धोटा वेगळा अन् दोन्ही काठांचे वेगळे, असं तीन धोट्यांचं काम त्याला करता येत नाही. म्हणजे आपली करवत त्याला जमणार नाही.'

करवत म्हणजे करवतीच्या दातांसारखा काठ. अंग कोशाचं, जंगलात ऐनाच्या झाडांवर ढिवर लोक पिकवतात त्या रानरेशमाच्या कोशाच्या सुताचं, मातकट पिवळं. आणि काठ गडद तांबड्या सुताचा, दोन्हींची प्रत्येक फेरीला गाठ घातलेली. उलटी धरा की सुलटी, साडी सारखीच. पण एका साडीला आठ-दहा दिवस लागायचे, आणि तीन धोट्यांवर बसलेला हात पुऱ्यात एकाचाच उरला होता, म्हाताऱ्या टेकचंदचा.

टेकचंद आधी हसला. "पोरी, हे घेणारे मालगुजार गेले. आता कोण नेसते?"

"तुमी विणा तं खरं. नेसणारी मी शोधतो," कौशल्या म्हणाली.

बोलून गेली, पण शोधायचं कुठं हे तिलाही ठाऊक नव्हतं. दोन साड्या तयार झाल्यावर ती जवाहरनगरला गेली. तिथं दारूगोळ्याच्या फॅक्टरीची वसाहत. ओळीनं क्वार्टर, देशाच्या सगळ्या मुलखांतली माणसं, महिन्याच्या महिन्याला पगार. तिनं दारोदार साड्या उघडून दाखवल्या. बाया हात फिरवायच्या, सुंदर म्हणायच्या, पाणी द्यायच्या. घेतलं कोणीच नाही. तीन खेपा अशाच फुकट गेल्या.

चौथ्या खेपेला पणिक्करबाईंकडं ती दमून ओट्यावरच बसली. पणिक्करबाई केरळकडच्या. नवरा फॅक्टरीत फोरमन, बाई बोलक्या, हिंदी त्यांची त्यांनीच घडवलेली. आत ट्रंका भरणं चाललं होतं. सुट्टीत गावी निघाले होते ते. ट्रंकेवर संत्रा बर्फीचे डबे रचलेले, एकावर एक अकरा.

"इतनी बर्फी कायले जी, बाई?" कौशल्यानं विचारलं.

"क्या करेगा, कौसल्या? मेरा सास, मेरा ननद, मेरा बहन, सबको देना है. हम इधर से आया, ये मालूम पडना चाहिए ना! साडी तो उधर भी मिलता. इधर का चीज दूसरा क्या है?"

कौशल्या त्या डब्यांकडं पाहत राहिली. मग एकदम उठली, आणि आलेला चहा तसाच ठेवून बस पकडायला निघाली. घरी पोहोचली तेव्हा मामाजी अंगणात बसले होते.

"मामाजी, आपली टक्कर पावरलूमशी नाहीच आहे. संत्रा बर्फीशी आहे!"

म्हाताऱ्याला वाटलं, पोरीला ऊन लागलं. पण तिनं समजावून सांगितलं. वसाहतीतल्या बाया स्वतःला नेसायची साडी कुठूनही घेतील. पण वर्षातून एकदा गावी जाताना त्यांना इथली म्हणून दाखवता येईल अशी वस्तू लागते. आजवर आपण ऐन सणात जात होतो. जायला पाहिजे सुट्टीच्या महिनाभर आधी. नऊवारी नको, सहावारी, पोलक्याच्या कापडासह. आणि सासूला साडी परवडते पण चार नणंदांना नाही, म्हणून त्याच काठाचे लहान शेले विणायचे, बर्फीच्या दोन डब्यांच्या भावात. बर्फी आठ दिवसांत संपते, शेला ट्रंकेत राहतो.

भैय्यालाल ऐकत होता. त्याला वाटलं, हे ऐकायला चंद्रभान इथं पाहिजे होता. कौशल्यालाही नेमकं तेच वाटलं.

पुढल्या उन्हाळ्यात बावीस शेले आणि सहा साड्या गेल्या. त्यानंतरच्या वर्षी टेकचंदनं पुऱ्यातल्या चौघांना तीन धोटे शिकवले. ब्याऐंशी सालापर्यंत अकरा माग करवतीवर चालत होते. अकरा घरांच्या चुली. बंद मागांच्या खड्ड्यांत लोकांनी लाकूडफाटा भरून ठेवला होता, तो काढून फेकला. सकाळी पुऱ्यातून जाताना दोन्ही बाजूंनी फण्यांचे ठोके ऐकू यायचे. लोक म्हणायचे, भैय्यालालची सून वाघीण आहे.

चंद्रभान यायचा दिवाळीत. इचलकरंजीचे माग दिवाळीत चार दिवस बंद असतात. आणि दिवाळीचा तोच आठवडा कौशल्याच्या जवाहरनगरच्या फेऱ्यांचा. बंगालकडची माणसं तेव्हा पूजेच्या सुट्टीहून परतलेली असायची आणि तिकडच्या नातेवाइकांच्या नव्या मागण्या नोंदवायची. मग चार दिवसांतले दोन असेच जायचे. उरलेल्या दोन दिवसांत घर माणसांनी भरलेलं. चंद्रभान आता मोठ्यानं बोलायला लागला होता. शेडच्या खडखडाटानं त्याचे कान मंदावले होते. तिला जे हळू सांगायचं असे ते त्याला ऐकू जात नसे, आणि मोठ्यानं सांगण्यासारखं ते नसे. तो गेल्यावर त्याच्या सदऱ्याला येणारा मशीनच्या तेलाचा वास खुंटीला दोन-तीन दिवस राहायचा. त्यानं वापरून तिथं अडकवलेला टॉवेल ती धूत नसे.

एका दिवाळीला जाताना त्यानं मागितलं, "करवतीचा एक तुकडा दे. पाह्याले."

तिनं स्वतः बसवलेल्या काठाचा दिला. टेकचंदकडून ती काठ शिकली होती आणि त्यात तिनं एक गंमत केली होती. सहा दात सरळ, सातवा जरा आखूड. टेकचंद म्हणाला होता, चूक वाटते. ती म्हणाली होती, चूकच राहू द्या, आपली म्हणून ओळखू येईन. पुऱ्यातल्या अकराही मागांवर मग तोच काठ चालू लागला.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत पणिक्करबाईंनी तिला आत बोलावलं. चेहरा पडलेला होता. "कौसल्या, तू मेरे को ठगा क्या?" म्हणत त्यांनी कपाटातून एक साडी काढली. नागपुरात निम्म्याहून कमी भावात मिळालेली. कोशाच्या रंगाची. तांबडा काठ. सहा दात सरळ, सातवा आखूड.

कौशल्यानं साडी हातात घेतली. तिनं साडी उलटी केली. पाठीमागं कापलेल्या तांबड्या धाग्यांची झिपरं उरली होती. एकधोटी मागावर, नक्षी उचलणारी डॉबी लावून काढलेला खोटा काठ. कोणी काढला हे तिला विचारावं लागणार नव्हतं. पावरलूमच्या गावात या काठाचा तुकडा तिनं एकाच माणसाबरोबर धाडला होता.

भैय्यालालला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी त्याले पाह्याले धाडलं होतं." आणि भिंतीकडं तोंड करून निजला.

तिसऱ्या दिवशी कौशल्या निघाली. नागपूरहून कोल्हापूरच्या गाडीत बसली, हातकणंगल्याला उतरून एसटीनं इचलकरंजी. दोन दिवसांचा प्रवास, एवढ्या लांब ती कधी गेली नव्हती. वाटेत काय काय बोलायचं ते तिनं मनात रचून ठेवलं होतं. शेडच्या दारात उभी राहिली आणि त्या आवाजानं तिनं कानांवर पदर दाबला. आत चंद्रभान एका मागावर वाकलेला. केसांत कापसाची पांढरी धूळ, म्हातारा झाल्यासारखा. त्यानं मान वर केली. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण तिचं नाव घेतलं हे दिसलं. तिथंच तिचं रचलेलं सगळं मोडून गेलं.

बाहेर चहाच्या टपरीमागं दोघं बसले. तिनं साडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं ओळखली. बराच वेळ काठावर बोट फिरवत राहिला.

"विकाले नव्हता केला," तो म्हणाला. "तुकडा खोलीत भिंतीले लावला होता. रोज पाह्यचो. एक दिवस वाटलं, आपल्या हातानं उतरवून पाहाव. सुट्टीच्या दिवशी डॉबी बसवली. अर्धा हात झाला असन. शेठनं पाह्यला. मंग तो माह्या हातात राह्यला नाही."

"तुमी मले कळवलं काहून नाही?"

"काय लिहू? बाबा पत्र ऐकतात."

रागवायला ती दोन दिवस प्रवास करून आली होती, आणि राग शोधूनही सापडत नव्हता.

"घरी चला," ती म्हणाली. "अकरा माग आहेत. तुमी बसान तं बारा."

त्यानं आपले तळवे उघडून पाहिले. "मागल्या दिवाळीत तू जवाहरनगरले गेली होती ना, तवा मी टेकचंदच्या मागावर बसलो होतो. धोटा हातात राहीना, पाय चुकून राहिले. म्हातारा उठून बाहेर गेला. अन् ते शांत शांत... मले त्या शांतीत झोप येत नाही आता." मग तिच्याकडं न पाहता म्हणाला, "तूच ये इकडे. खोली आहे माही. खिडकी आहे तिले."

खिडकी आहे. सात वर्षांत त्याच्या राहण्याबद्दल तिला कळलेली ही पहिली गोष्ट. तिला ती खिडकी पाहावीशी वाटली, त्या खिडकीशी बसून त्याची वाट पाहावीशी वाटली. वाट तर ती पाहतच होती. पण संध्याकाळी संपणारी वाट कशी असते, ते तिला ठाऊक नव्हतं.

"मी आलो तं त्या अकरा घराइचं काय होईन?" ती म्हणाली. "विणता समद्याइले येते. विकता येत नाही."

त्यानं मान हलवली. त्याला हे आधीपासून ठाऊक असावं.

मग त्यानं साडी उलटी केली आणि तिला शिकवायला लागला, लग्नाच्या पहिल्या वर्षी मागावर शिकवायचा तसाच, हळू. "हे पाह्य. मागचे धागे शेठ कैचीनं कापून घेते, तरी मुळं राह्यतात. जोडव्यात अडकतात. तिसऱ्या धुण्याले काठ सुटते. आमच्या मालाले हे जमत नाही, कवाच जमणार नाही. तू आपली साडी उलटी करून दाखव. गिऱ्हाइकाले म्हण, दोन्ही घरीच पाण्यात टाका. न् भाव कमी करजो नको. केला की तू आमच्या मैदानात आली, न् इथं तू मरशीन."

ती ऐकत होती. ज्याचं मीठ तो खात होता त्याच्याच कापडाचं मर्म तो तिच्या हातात देत होता. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

ती दोन दिवस त्या खोलीत राहिली. खिडकीतून शेडचा पत्रा दिसायचा आणि एका लिंबाची फांदी. तिनं भाकरी केल्या, त्याचे सदरे धुतले, रात्रपाळी नव्हती म्हणून तो दोन्ही संध्याकाळी वेळेत आला. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला हातकणंगल्याला गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा तो काहीतरी बोलला, यावेळी हळू. गाडीच्या आवाजात तिला ते कळलं नाही. पुढं कितीतरी दिवस ती ते ओठ आठवून शब्द लावून पाहत असे.

पवनीला आल्यावर तिनं त्यानं सांगितल्याप्रमाणं केलं. पणिक्करबाईंच्या ओट्यावर बादली मागवली, आठ-दहा जणी जमवल्या आणि दोन्ही साड्या त्यांच्यासमोर पाण्यात टाकल्या. एकदा, दोनदा, तीनदा. नागपूरच्या साडीचा काठ तिसऱ्या पाण्याला पाठीमागून विसविशीत झाला. तिनं भाव एक रुपयानं कमी केला नाही. नागपूरची दुकानं त्या खोट्या काठानं भरली ती भरलीच. तिकडून घेऊ लागलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही. पण वसाहतीतलं टिकलं, आणि पणिक्करबाईंच्या नवऱ्याची बदली झाली तशी केरळातून पोस्टानं मागणी येऊ लागली. अकराचे बारा माग झाले नाहीत, पण दहाही झाले नाहीत.

भैय्यालाल शहाऐंशीत गेला. शेवटी शेवटी तो पोराला दोष देत नव्हता. म्हणायचा, "माहीच चूक. ज्याच्या घरात धाडलं, तो त्याच घरचा होते."

त्याच वर्षी दिवाळीत चंद्रभान आला तेव्हा कौशल्याचा जवाहरनगरचा फेरा राहिलेला होता. ती गठडी बांधत होती. तो म्हणाला, "मी येऊ का संग?" आणि तिनं हो म्हणायच्या आत गठडी खांद्यावर घेतली.

दिवसभर तो तिच्या मागं क्वार्टर-क्वार्टर हिंडला. ती साड्या उलगडायची, तो पायरीवर बसून घड्या घालून द्यायचा. घडी मात्र अजून अचूक, काठाला काठ भिडवलेली. एका नव्या बाईनं विचारलं, ये कौन? कौशल्या म्हणाली, "माहे मालक. बाहेरगावी असतात." बाईनं त्यालाही पाणी दिलं.

परतीची बस दीड तास उशिरा आली. स्टँडवरच्या बाकावर दोघं बसून राहिले, मध्ये रिकामी गठडी. कोणी धंद्याचं बोललं नाही. समोरून फॅक्टरीच्या पाळीच्या बसगाड्या एकामागून एक गेल्या. एकदा त्यानं विचारलं, थंडी वाजून राहिली का? ती नाही म्हणाली, आणि त्यानं तरीही आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. बस उशिरा आली याचं त्या दिवशी तिला काही वाटलं नाही. आणखी उशीर झाला असता तरी चाललं असतं.

भाऊबीजेच्या सकाळी तो गेला. ती पवनीच्या स्टँडपर्यंत पोहोचवायला गेली, बस वळणाआड होईपर्यंत उभी राहिली. मग परतताना टेकचंदच्या दारात थांबली. आत मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवायला माणूस कमी पडत होता. तिनं पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं.